दोन कुलेर हळद

विश्राम, आधी कबुली देतो, मग बाकीचं बोलू. हळद मीच घातली होती. दोन कुलेर. 'चमचे' म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी पडायची, म्हणून कुलेरच म्हणतो. घरची हळद, इब्रामपूरला आमच्या परसात लावलेली, वाळवून दळून आणलेली. तू मला तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी खोटं बोललो. एकदा तर देवाची आण घेतली.

घे, सांगून टाकलं! सहा वर्षं हे पोटात घेऊन फिरलो आणि सांगायला मुहूर्त मिळाला तो तू गेल्यावर. परवा तुझा बारावा झाला. काल तुझ्या घरी वयनीने मला एक बारीकसं काम सांगितलं, आणि ते करताना असं काही हाताला लागलं की तेव्हापासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. आमची ही म्हणते, "दुख्खांतलो मनीस असो नाचता?" तिला काय सांगू? नाचतोय खराच. डोळ्यांतून पाणी येतंय आणि नाचतोय. काय सापडलं ते सांगतो, पण मला क्रमाने सांगू दे. तू नेहमी मध्येच तोडायचास. आता तोडता येणार नाही, तू गेल्याचा एवढाच काय तो मला फायदा.

आपली ओळखच मुळी हळदीवरून झाली. मी तेव्हा खनिजाचा ट्रक चालवायचो, डिचोलीच्या खाणीवरून नदीकाठच्या बार्जपर्यंत, दिवसाला जमतील तितक्या खेपा. रेडिएटर गळायला लागला की आम्ही ड्रायव्हर लोक काय करायचो? वाटेवरच्या हॉटेलात मूठभर हळद मागायची आणि रेडिएटरच्या तोंडात ओतायची. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकात जाऊन बसते, फुगते, गळती थांबते. खेप मारून होते. सगळ्या खाणपट्ट्यात हेच चालायचं. मीही तेच करून एक दिवस तुझ्या रेडिएटर-दुरुस्तीच्या दुकानापुढे ट्रक लावला. तू झाकण काढलंस, बोट आत घातलंस, आणि ते पिवळं बोट माझ्या नाकासमोर धरलंस.

"रेडिएटर म्हणल्यार कितें रे, हुमणाचें कुंडलें? हळद घालपाक? मागीर नाल्ल घाल, तिरफळां घाल, आनी एक बांगडो सोड भितर!"

दुकानात चार ड्रायव्हर बसले होते, ते हसून लोळायचे बाकी राहिले. मला तू गाडीसकट घालवून दिलंस. पुढच्या आठवड्यात तिथून जातो तर काय, दुकानावर पत्र्याचा नवा बोर्ड. निळ्या रंगात, तुझ्या टपोऱ्या अक्षरात: 'हळद घातलेली गाडी घेतली जाणार नाही.' मी खाणीवर सगळ्यांना सांगत सुटलो की माझ्या सन्मानार्थ फलक लागलाय.

तुझं म्हणणं तू आयुष्यभर बदललं नाहीस. "हळद बुराक बुजयना, बुराक लिपयता." भोक बुजत नाही, नुसतं लपतं. आणि कारागिराला भोक दिसायला हवं. दिसलं की निम्मं काम झालं. मी रेडिएटर तीनदा धुऊन परत आणला तेव्हा तू तो घेतलास, आणि तांब्या-पितळेच्या त्या जाळीवर तुझ्या हातातली तापलेली कांडी कशी फिरते ते मी पहिल्यांदा बघितलं. कथलाचा एक थेंब, नेमका जागेवर, ना कमी ना जास्त. डाग देणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मी ट्रक विसरून बघत राहिलो आणि एक खेप चुकली.

मग मैत्री झाली आणि मैत्रीबरोबर भांडणही. घटक राज्य व्हायच्या त्या दिवसांत सगळा गोवाच भांडत होता, आपण कसे मागे राहणार? तू कोंकणीवाला, मी मराठीवाला. मी जत्रेच्या नाटकात राजाची कामं करणारा, मला मराठीचा कोण अभिमान! तू म्हणायचास, "माचयेर मराठी उलयता तो राजा. भितर वचून च्या मागता तेन्ना कोंकणी." मी विचारायचो, मग तुझा बोर्ड मराठीत कसा रे? "बोर्ड वाचपाक आसता," तू म्हणायचास, "उलोवपाक न्हय." तीस वर्षं हा वाद चालला. तू कोंकणीवादी आणि बोर्ड मराठीत, मी मराठीवादी आणि शिव्या कोंकणीत. निकाल काही लागला नाही. हेसुद्धा मी मराठीतच लिहितोय, आणि तू नाक मुरडत असशील याची मला खात्री आहे.

खाणी बंद पडल्या तेव्हा माझा ट्रक दारात उभा राहिला आणि चाकांत गवत वाढलं. मी तो विकला, चार दिवस रडलो आणि मोकळा झालो. तुझं तसं झालं नाही. ट्रक उभे, म्हणजे रेडिएटर नाहीत. नव्या गाड्यांचे रेडिएटर आल्युमिनचे, त्यांना तुझा डाग धरत नाही. फुटला की फेकायचा आणि नवा घालायचा. दुकानाची फळी लागली. तू पडवीत कदेलावर, त्या जुन्या खुर्चीत, बसून राहायचास, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. मी आलो की बोलायचास, हसायचास, पण ते हात तसेच. खरं सांगतो विश्राम, मी तेव्हा तुझ्याकडे यायचं कमी केलं होतं. तुझे रिकामे हात मला बघवत नव्हते. हेही कधी बोललो नव्हतो.

आणि मग आमची ती मोटारसायकल! भाचा बोटीवर नोकरीला गेला आणि जाताना गाडी माझ्या दारात लावून गेला. "मामा, आठवड्यातून एकदा चालू कर, नाहीतर बॅटरी उतरेल." आठवड्यातून एकदाचं रोज कधी झालं ते मला कळलंच नाही. पोरांची गाडी ती, सीट वर, हँडल खाली, माणूस नमस्कार घातल्यासारखा वाकलेला. पन्नाशी उलटलेला मी त्यावर बसून पेडण्याच्या बाजारात गेलो की लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. बघू देत! ट्रकवर इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला असं इंजिन मांडीखाली मिळालं की तो वयाचा हिशेब करत बसत नाही.

त्या गाडीला रेडिएटर आहे हे मला दिवा लागला तेव्हा कळलं. तापल्याचा लाल दिवा. खाली वाकून बघतो तर पुढच्या चाकामागे हातभर लांबीची जाळी, तिच्या खालच्या कोपऱ्यावर पांढरट डाग आणि गोडसर वास. पाण्याची बाटली कोरडी. भाचा दहा दिवसांनी रजेवर येणार. शहरातल्या एका दुकानात नेली. तिथला पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "बदलावा लागेल काका. बाहेरून येतो, महिना जाईल." दुरुस्त होणार नाही का, विचारलं, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी कंदील दुरुस्त करायला आणलाय.

घरी आलो आणि माझ्यातला जुना ड्रायव्हर उठला. मी स्वयंपाकघरात गेलो, डबा उघडला आणि दोन कुलेर घातल्या. थांबली! गळती चक्क थांबली! मी अंगणात ओरडलो. दोन दिवस दाबून फिरलो. तिसऱ्या दिवशी चढावावर पुन्हा लाल दिवा, पुन्हा तो गोड वास. इंजिन तापलं की गळायचं, थंड झालं की बंद. मग गाडीला पाणी पाजत पाजत, दर दोन मैलांवर थांबत, बुधवारी सकाळी मी तुझ्या दारात आलो. तीस वर्षांनी, त्याच माणसाकडे, पुन्हा हळद घातलेला रेडिएटर घेऊन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

अंगणातच वयनीने मला अडवलं. आवाज दाबून म्हणाली, "शुक्रारा म्हापशाचो भंगारवालो येतलो. हे सगळीं हत्यारां दिवन उडयतात."

सगळी हत्यारं भंगारात! तुझ्या त्या कांड्या, ते चिमटे, तो हवेचा पंप! तेवढ्यात तू बाहेर आलास. गाडीकडे बघितलंस आणि लांबूनच म्हणालास, "तें आल्युमिन. ताका डाग लागना." आणि परत कदेलावर.

मी म्हटलं, डाग नको देऊस, नुसतं कुठून गळतंय तेवढं दाखव.  मग उठलास, गाडीपाशी उकिडवा बसलास, आणि जाळीवरून बोट फिरवलंस. एकदा वरून खाली, एकदा आडवं. पांढरट डागापाशी बोट थांबलं. ते बोट तू नाकाला लावलंस.

"आनंदा, खरें सांग. हळद घाल्ली काय रे?"

"ना रे, ना!"

का खोटं बोललो? मी स्वतःला सांगितलं की तुझ्यासाठी. 'घातली' म्हटलं असतं तर तू बोर्डाकडे बोट दाखवून परत बसला असतास, आणि शुक्रवारी हत्यारं गेली असती. पण ते निम्मंच खरं. उरलेलं निम्मं म्हणजे लाज. तीस वर्षं तुझ्या शेजारी बसून मी काहीच शिकलो नाही, हे तुला कळू द्यायचं नव्हतं.

तू पाना मागितलास. दोन वर्षांनी तुझ्या हातात पाना! आणि रेडिएटर गाडीवरून उतरवता उतरवता, माझ्याकडे न बघता म्हणालास, "हें जालें ना जाल्यार, आनंदा, शुक्रारा सगळें भंगारांत. मागीर माका परत उठय नाका."

दुकान उघडलं. सिमेंटची टाकी कोरडी ठाक पडली होती, ती आपण बालद्या ओतून भरली. एका तोंडात लाकडी बूच, दुसऱ्या तोंडात सायकलच्या ट्यूबचा तुकडा व्हॉल्व्हसकट, आणि त्याला पंप. मी हवा मारायची, तू रेडिएटर पाण्यात धरून बुडबुडा शोधायचा. ट्रकांचे शेकडो रेडिएटर तू असे बघितलेस. हवा मारली. बुडबुडा नाही. रेडिएटर फिरवला, उलटा केला, पुन्हा हवा. नाही. तू पाण्याला नाक लावलंस. चष्मा पुसलास. तासभर आपण तेच करत होतो आणि पाणी आरशासारखं गप्प.

"परत विचारतां. हळद घाल्ली काय रे?"

"देवाची आण!"

तू टाकीच्या कडेवर बसलास. तुवालो घेतलास आणि एकेक बोट पुसायला लागलास, सावकाश, कायमचं पुसल्यासारखं. "म्हजे दोळे गेले," म्हणालास. "गळता तें दिसता, पूण बुडबुडो ना. चल. जालें."

 तुझे डोळे धड होते, विश्राम! तुझं काहीच गेलं नव्हतं. माझी हळद त्या भोकात गच्च बसली होती, थंड पाण्यात दगडासारखी. एक शब्द बोललो असतो तर तू समजला असतास. जत्रेत पानभर संवाद न अडखळता म्हणणारा मी, माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. तू उठून दुकानाची फळी लावायला निघालास तेव्हा जे निघालं ते एवढंच: "गरम उदकांत पळोवया?"

तू वळलास. माझ्याकडे बघितलंस. खूप वेळ बघितलंस. मला तेव्हा वाटलं, तू विचार करतोयस.

"गरम," तू म्हणालास. "गरम केल्यार सुटतलें." काय सुटणार ते तू बोलला नाहीस.

आता एवढं गरम पाणी आणायचं कुठून? तुला सुचलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. न्हाणीतलं भाण! चुलीवर मातीत बसवलेलं, चिंचेने घासून लखलखणारं तांब्याचं भाण, वयनीच्या माहेरहून आलेलं. आपण न्हाणीत घुसलो. तू खाली नारळाची सोडणं सारलीस, मी फुंकलं. पाणी वाफाळलं. रेडिएटरला सुंभ बांधून तू तो भाणाच्या तोंडातून आत सोडलास, तळाला गेलेल्या कळशीसारखा. आणि दारात वयनी उभी!

"आनी आमी न्हावप कशें? तुमच्या मोटारीच्या रोसांत?"

"ओगी राव गे," तू म्हणालास, आणि तुझा आवाज! दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. "आनंदा, मार हवा!"

मी मारली. एक, दोन, तीन. तू भाणावर वाकलेला, हातात टॉर्च, चष्म्यावर वाफ. चार. पाच. आणि मग, विश्राम, आणि मग! खालच्या कोपऱ्यातून एक धागा वर आला. केसाएवढ्या बारीक बुडबुड्यांचा धागा, सरळ, न तुटणारा.

"मेळ्ळो!" तू ओरडलास. "मेळ्ळो बुराक! हांगा! पळय, पळय!"

मी पंप टाकून भाणावर वाकलो तर हवा गेली आणि धागा तुटला, तू मला शिवी घातलीस, मी परत पंपावर धावलो. वयनीसुद्धा आत आली. तिघं त्या एवढ्याशा न्हाणीत, घामाने निथळत, भाणात डोकावतोय, जणू विहिरीत देव सापडलाय. आणि तेव्हाच मी बघितलं. बुडबुड्यांच्या धाग्याबरोबर आणखी एक धागा वर येत होता. पिवळा.

वयनी म्हणाली, "माका हळदीचो वास येता."

 तू मान वर न काढता म्हणालास, "तुज्याच हातांचो तो. वाटण कोणें वाटलें?"

वयनीने हात हुंगले आणि मान हलवली. मला वाटलं, सुटलो! मला खरंच वाटलं विश्राम, की वाफेमुळे तुला दिसलं नाही.

पुढचं तुला काय सांगायचं, तुझंच काम ते. पण मला सांगावंसं वाटतंय. भोक का पडलं ते तू आधी शोधलंस. गाडीवर रेडिएटर ज्या पट्टीवर बसतो तिथला रबराचा बूश पडून गेला होता, आणि पट्टीची धार घासून घासून कडेच्या नळीला भोक पडलं होतं. तू खरवडून डाग देऊन बघितलास. अळवाच्या पानावरचं पाणी जसं, तसा कथलाचा थेंब घरंगळून गेला. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. पण आता तू थांबणारा नव्हतास. आल्युमिनला डाग लागत नाही तर न लागो, ट्रकची युक्ती तर लागेल! ट्रकच्या जाळीतली एखादी नळी दुरुस्त होण्यापलीकडे गेली की तू ती मारायचास, म्हणजे दोन्ही टोकांना चिमटून कायमची बंद करायचास, आणि पाणी बाकीच्या नळ्यांतून फिरायचं.

"एक नळी मेली म्हूण रेडिएटर मरना," तू म्हणालास.

नळीभोवतीची पातळ पत्र्याची झालर चिमट्याने हळूच बाजूला केलीस, नळी कापलीस, दोन्ही टोकं दाबून दुमडलीस, आणि त्यांवर दोन रंगांची लांबी, भेगा बुजवायची ती पुट्टी, मळून बसवलीस, अंगठ्याने, नखाने, जशी वयनी नेवरीची, करंजीची, कड मुरडते तशी. तुझे हात! मी तुझ्या हातांकडेच बघत होतो. ते मांडीवर उताणे पडलेले हात हेच का, असं वाटत होतं.

लांबी सुकल्यावर तू सगळा रेडिएटर गरम पाण्याने धुतलास. एकदा, दोनदा, सहादा. पहिलं पाणी आमरसासारखं आलं. तू ते बघितलंस, मी ते बघितलं.

"कंपनीचें उदक हळदुवें येता काय रे?" तू विचारलंस. ही तिसरी वेळ.

"येता," मी म्हणालो.

"बरें," तू म्हणालास आणि आणखी एक बालदी ओतलीस.

मग तो फेरा, मयेच्या तळ्याकडे! मी पुढे, तू मागे, दोघांचं वय मिळून शंभरावर, आणि खाली पोरांचं इंजिन. चढाव लागला की माझं लक्ष त्या लाल दिव्याकडे आणि तुझं माझ्या कानाशी ओरडणं, "आनीक! आनीक धांवडाय!" तुझा तुवालो उडाला तरी तू थांबू दिलं नाहीस. परत येऊन आपण गाडीखाली मराठी वर्तमानपत्र पसरलं, थेंब पडला तर दिसावा म्हणून. तू म्हणालास, मराठी पेपराचा याहून चांगला उपयोग नाही. अर्धा तास दोघं त्या कागदाकडे बघत बसलो. कोरडा! सगळा कागद कोरडा! तू अग्रलेखावर हात फिरवून बघितलास आणि लहान पोरासारखा हसलास.

शुक्रवारी भंगारवाला आला. वयनीने त्याला चहा आणि पाव दिला आणि रिकाम्या टेंपोने परत पाठवलं. मी मुद्दाम ते बघायला आलो होतो. भाच्याला गाडी दिली, त्याने चालवून बघितली आणि म्हणाला, मामा, तू हिला हातसुद्धा लावलेला दिसत नाहीस. मी म्हटलं, नाही रे बाबा.

त्यानंतरचं सगळं तुझं तूच केलंस. आल्युमिन वितळवायच्या कांड्या कुठून कुठून मागवल्यास, भंगारातले रेडिएटर आणून त्यांवर हात बसवलास, दहा बिघडवले, अकरावा जमला. पेडण्याहून, म्हापशाहून, पलीकडे दोडामार्गाहून पोरं आपल्या गाड्या घेऊन यायला लागली. हळदीचा जुना बोर्ड उतरला आणि नवा चढला: 'मोटारसायकलचे रेडिएटर दुरुस्त करून मिळतील.' मी विचारलं, जुना कुठे गेला? म्हणालास, "भंगारांत." मला बरं वाटलं. तो बोर्ड बघितला की माझे कान तापायचे.

सांगायचं म्हणून कितीदा आलो. एकदा तर तू टाकीपाशी होतास, दुकानात कुणी नव्हतं, मी तोंड उघडलं, आणि तू म्हणालास, "पंप मार." मारला. झाकली मूठ, म्हटलं, झाकलेलीच राहू दे.

तू गेलास त्या सकाळी वयनीने तुझ्या आंघोळीसाठी त्याच भाणात पाणी तापवलं. मी कळशी घेऊन न्हाणीत गेलो. ती भाणापाशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि आम्हा दोघांनाही एकदमच ते आठवलं. तिने पदर तोंडात कोंबला. बाहेर बायका म्हणाल्या, रडतेय बिचारी. ती हसत होती, विश्राम. रडत होती आणि हसत होती. ते पाणी मी तुझ्या अंगावर घातलं. वाकून कानात सांगावं असं मनात आलं, पण माणसं होती भोवती. पुन्हा राहिलं.

आणि आता कालचं. वयनी म्हणाली, "आनंदभाव, तो बोर्ड देंवयात. लोक येतात गाड्यो घेवन. दर एकल्याक सांगचें पडटा." मला कळलं तिचं. दिवसातून चारदा 'ते नाहीत' असं परक्या पोरांना सांगायचं म्हणजे काय. मी स्टुलावर चढलो, खिळे उपसले, बोर्ड खाली घेतला. पत्रा जुना, जड. भिंतीला टेकवताना तो फिरला आणि मागची बाजू पुढे आली.

निळी अक्षरं. टपोरी. 'हळद घातलेली गाडी घेतली जाणार नाही.' भंगारात कसला, लबाडा! तू तोच पत्रा उलटून त्याच्यावर नवा बोर्ड लिहिला होतास. सहा वर्षं मी त्याच्याखाली बसून तुझा चहा प्यायलो.

आणि निळ्या अक्षरांच्या खाली आणखी एक ओळ. ती रंगाने लिहिलेली नव्हती, खिळ्याने पत्र्यावर कोरलेली होती. वरचं मराठीत, हे कोंकणीत. मी चष्मा पुसला आणि वाचलं.

'आनंदाली सोडून.'

माझी गाडी सोडून! मी ते वयनीला मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचायला गेलो तर जमलं नाही. तिने माझ्या हातून बोर्ड घेतला, पदराने पुसला, त्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि तो परत माझ्याकडे दिला.

"लायात तो," ती त्या कोरलेल्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाली. "हीच कूस भायर दवरून लायात."

लावलाय.